टर्मिनलमधील ‘अक्षर’ आणि मराठीचे अभ्यासक

मराठीच्या अभ्यासात संगणकाचा विचार बहुधा फॉन्ट व शुद्धलेखन-तपासणी यांपुरताच राहिला. टर्मिनल मजकूर कसा स्वीकारते, हा प्रश्न अभियंत्यांचा मानला गेला. वस्तुतः ‘अक्षर म्हणजे काय’ या व्याकरणातील जुन्या प्रश्नाचे उत्तर तेथे परस्पर दिले जात असते.

पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने ‘जिस्ट’ तंत्राद्वारे भारतीय लिप्यांचा संगणकीय वापर रुजविला. १९९१ च्या ‘इस्की’ प्रमाणकात एका चिन्हाला सामान्यतः एक बाइट होता; बाइट पुसला की चिन्ह पुसले जाई. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचे झाले आणि हा मेळ मोडला. ‘चिंचवड’ या शब्दात वाचकाला ४ अक्षरे दिसतात. युनिकोड ६ चिन्हे मोजते आणि साठतात १८ बाइट. केवळ बाइट मोजणाऱ्या टर्मिनलमध्ये बॅकस्पेस एकदा दाबल्यास ‘ड’चा एक तृतीयांश जातो, उरलेले दोन बाइट निरर्थक ठरतात.

लिनक्समध्ये २००४ साली पूर्ण चिन्ह पुसण्याची सोय आली. तथापि प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. ‘देहू’ या शब्दातील दीर्घ उकार पडद्यावर स्वतंत्र जागा घेत नाही. दर चिन्हामागे एक घर मोकळे करणारी प्रणाली उकाराबरोबर ‘ह’देखील दृष्टिआड करते, स्मृतीत मात्र ‘ह’ शिल्लक असतो. दिसते एक आणि नोंदले जाते दुसरेच.

चित्रमय पडद्यांच्या काळात टर्मिनलची चिंता कशाला, असा आक्षेप संभवतो. परंतु सर्व्हर व माहितीसाठ्यांची देखभाल आजही मोठ्या प्रमाणावर तेथूनच होते. पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्यात कामगाराचे नाव हजेरी, वेतन, भविष्यनिर्वाह निधी अशा अनेक नोंदींतून फिरते. देवनागरी भरवशाची नसेल, तर रोमन लिपीचा आश्रय घेतला जातो आणि ‘काळे’ व ‘काले’ ही दोन आडनावे एकरूप होतात.

‘आचाऱ्याला’ आणि ‘आचार्याला’ यांतील अर्थभेद मराठीचा अध्यापकच अधिकाराने सांगू शकतो. म्हणून कोणते चिन्ह केव्हा पुसावे, किती जागा मोजावी, याचे नियम व कसोटीचे शब्द मराठी विभागांनी सिद्ध करून अभियंत्यांच्या हाती दिले पाहिजेत. हे कार्य व्याकरणाच्या कक्षेबाहेरचे नाही.