मुक्कामाचे धुणे

परगावी मुक्काम पडला असता कपडे स्वस्तात धुऊन कसे मिळतील, हा प्रश्न वरवर पाहता हौशी प्रवाशाचा वाटतो. पक्षाच्या साप्ताहिकाने त्यावर शाई खर्च करावी काय, असेही कोणी विचारील. परंतु यवतमाळसारख्या जिल्ह्यात मुक्कामाचा प्रवास कोणाला करावा लागतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रश्नाचे स्वरूप पालटते. उमरखेड किंवा वणीकडचा शेतमजूर शंभरेक किलोमीटरचा प्रवास करून जिल्ह्याच्या गावी येतो तो बहुधा घरच्या रुग्णाला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात भरती करण्यासाठी. एका दिवसाच्या तयारीने तो निघतो आणि कित्येकदा आठ-पंधरा दिवस अडकून पडतो. अंगावर एक जोड आणि पिशवीत दुसरा, एवढीच त्याची सामग्री. जो जिल्हा पिढ्यान्‌पिढ्या जगासाठी कापूस पिकवीत आला, तेथील कापूस वेचणाऱ्या बाईपाशी बदलायला तिसरे लुगडे नसते.

हिशेब साधा आहे. २०२४-२५ या वर्षी रोजगार हमी योजनेची महाराष्ट्रातील मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. लाँड्रीत एका नगाला पंधरा रुपये धरले, तरी दोन माणसांच्या आठ नगांना एकशेवीस रुपये पडतील. मुक्कामात रोज बुडतच असतो. त्यात चहा, जेवण, औषधे आणि एस.टी.चे भाडे. अशा वेळी धुणे हाच खर्च प्रथम टाळला जातो. मग मळके कपडे अंगावर राहतात, अथवा ओले कपडे अंगावरच वाळवले जातात. श्रावणातल्या पावसात तर तेही वाळत नाहीत. स्त्रियांची अडचण याहून बिकट असते. मासिक पाळीचे कपडे धुण्याला आडोसा आणि वाळवायला ऊन लागते. गर्दीच्या आवारात ही दोन्ही दुर्मिळ असतात.

हा केवळ अब्रूचा प्रश्न नाही. २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना या जिल्ह्यात शेकडो माणसांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर प्राणास मुकले. औषधाने भिजलेला सदरा अंगावर राहिला की विष कातडीवाटे शरीरात शिरत राहते. असा कपडा तातडीने उतरवून इतर कपड्यांपासून वेगळा, साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवावा लागतो. फवारणीच्या शेतातून थेट रुग्णालयात पोहोचलेल्या मजुराचे असे कपडे त्याच्या पत्नीने कोठे आणि कोणत्या पाण्याने धुवावेत? नागडे हात त्या पाण्यात बुडवणाऱ्या बाईच्या जिवाचे काय?

पाण्याचा प्रश्न तर वेगळा सांगायला नको. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणे आटली, तेव्हा खुद्द यवतमाळच्या रहिवाशांची घोटभर पाण्यासाठी वणवण झाली. जेथे नगरवासीयालाच पाणी विकत घ्यावे लागते, तेथे परगावच्या गरिबाने धुण्यासाठी बादली मागावी कोणाकडे?

यावर एक सोपे उत्तर नेहमी पुढे येते: वरठ्याने दर उतरवावा. ते आपल्याला मान्य होण्यासारखे नाही. कोळसा, वीज, साबण आणि पाणी वरठ्यालाही विकतच घ्यावे लागते. एका श्रमिकाची सोय दुसऱ्या श्रमिकाच्या घामातून काटून काढणे याला स्वस्ताई म्हणता येत नाही. स्वस्त व्हायला हवे ते पाणी आणि जागा. माणसाचे श्रम नव्हेत.

सार्वजनिक मार्ग कोणता, याचा दाखला जुना आहे. १८३२ साली लिव्हरपूलमध्ये पटकीची साथ आली. किटी विल्किन्सन या कष्टकरी बाईच्या घरी पाणी तापवण्याचा बंब होता. शेजारपाजारच्या बायाबापड्यांना तिने आपल्या घरी कपडे धुऊ दिले. त्या अनुभवातून १८४२ साली त्या शहरात सार्वजनिक धुलाईघर उभे राहिले आणि १८४६ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने नगरपालिकांना अशी घरे बांधण्याची मुभा देणारा कायदा केला. एका गरीब बाईच्या शेजारधर्माचे रूपांतर नगराच्या कर्तव्यात झाले.

आपल्याकडे शेजारधर्माची उणीव कधीच नव्हती. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, परीट कुटुंबात, १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई येथे धर्मशाळा उभ्या केल्या, कारण परगावी आलेल्या गरिबाला आसरा आणि स्वच्छता दोन्ही लागतात, हे त्यांनी ओळखले होते. १९५६ साली बाबा गेले. त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छतेचे अभियान शासनाने चालवले. परंतु दानशूरांच्या भरवशावर बाबांनी जे केले, ते करदात्याच्या पैशातून आणि हक्क म्हणून पुरवणे हे शासनाचे काम आहे.

मागणी मोठी नाही. प्रत्येक शासकीय रुग्णालयाच्या आणि मोठ्या बसस्थानकाच्या परिसरात दगडी ओटे, वाहते नळ, गरम पाणी, स्त्रियांसाठी आडोसा आणि पावसातही कपडे वाळतील अशी छपरी असावी. विषाने भिजलेल्या कपड्यांसाठी वेगळा ओटा, वेगळे गटार आणि हातमोजे असावेत. ज्याला स्वतः धुणे शक्य नाही, त्याच्यासाठी तेथेच वरठी समाजाच्या सहकारी संस्थेला जागा, पाणी आणि सवलतीची वीज द्यावी. दरातली तूट रुग्णालयाने सोसावी, वरठ्याने नव्हे.

कार्यकर्त्यांनी प्रथम आपापल्या तालुक्याच्या रुग्णालयात जाऊन पाहावे. नातेवाइकांसाठी नळ आहे काय, तो दिवसातून किती वेळ चालतो, दोरी बांधायला जागा आहे काय, याची नोंद करावी. जेथे सोय असेल तेथे ती चालू राहील हे पाहावे. जेथे नसेल तेथे नातेवाइकांच्या सह्या घेऊन नगर परिषदेपुढे आणि जिल्हाधिकाऱ्यांपुढे जावे. या लढ्यात घोषणा कमी आणि खेटे पुष्कळ घालावे लागतील. परंतु रुग्णाच्या उशाशी बसलेल्या माणसाच्या अंगावर धुतलेला, वाळलेला कपडा असावा, एवढे ज्या चळवळीला साधत नाही, तिच्या मोठ्या स्वप्नांवर त्या माणसाने विश्वास का ठेवावा?