आधी पाणी, मग शहर

काल पहाटे नळ आले. घरातले सगळे उठून कामाला लागलो. टाकी, ड्रम, हंडे, शेवटी स्वयंपाकघरातली पातेलीसुद्धा भरून ठेवली. सातवीतला पोरगा डोळे चोळत म्हणाला, "पप्पा, इथं पाणीच नाही तर हे शहर इथं वसवलंच कशाला?"

प्रश्न बरोबर आहे राव. म्हणून ही पोस्ट. जरा लांब आहे, पण वाचा.

चारशे वर्षांपूर्वी इथं खडकी नावाचं लहानसं गाव होतं. १६१० मध्ये मलिक अंबरने ते राजधानीसाठी निवडलं. हा माणूस मूळचा इथिओपियाचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, बाजार बदलत बदलत दख्खनेत आला आणि निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. शहाजीराजे १६२४ ला भातवडीच्या लढाईत त्याच्याच बाजूने लढले. आपला मालपुरा, खेळपुरा, परसपुरा हे पुरे भोसले घराण्यातल्या सरदारांच्या नावांवरून पडले असं सांगतात. म्हणजे हे शहर पहिल्यापासून एकट्यादुकट्याचं नव्हतंच.

मोगलांनी १६१६ मध्ये खडकी लुटली, उद्ध्वस्त केली. तरी ती पुन्हा उभी राहिली. का? माझ्या मते कारण एकच, पाणी.

अंबरने नुसता भडकल दरवाजा बांधला नाही, नहर-ए-अंबरी खोदली. उत्तरेकडच्या डोंगरात मुरलेलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, नुसत्या उतारावर, शहरातल्या हौदांपर्यंत आणलं. पंप नाही, वीज नाही. साफसफाईला उतरता यावं म्हणून जागोजागी मॅनहोल ठेवले. पुढच्या काळात आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीचं पाणी आजही पर्यटकांना दाखवतो ना आपण? तेही असंच डोंगरातून, मातीच्या नळांमधून आणलेलं.

आणि आज? आपण जायकवाडीवर जगतो. धरण पैठणला, शहरापेक्षा खालच्या पातळीवर. तिथून पाणी पंपाने वर चढवायचं. लाईट गेली की पाणी गेलं, पाईप फुटला की पाणी गेलं. नव्या योजनेचा आकडा १६८० कोटींवरून २७४० कोटींवर गेला. आमच्या गल्लीत मात्र टँकरचा हॉर्न अजून तसाच.

नहरींवर लाखोंचं शहर जगेल असं मी म्हणत नाही. उगाच कुणी कमेंटमध्ये हिशोब मांडू नका. जायकवाडीचं पाणी लागणारच. पण नहरीच्या मॅनहोलवर घरं उठली, वरून जेसीबी फिरले, कुठं ड्रेनेज सोडलं. वाहती लाईन आपल्याच हाताने बुजवायची आणि वर दुष्काळी भाग म्हणून रडायचं, हे कसं चालेल?

गावाच्या नावाचंच बघा. खडकी, मग फतेहनगर, औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर. प्रत्येक नावासाठी माणसं हिरीरीने उभी राहिली. नहरीसाठी कितीजण उभे राहिले?

माझं मागणं मोठं नाही. एक, नहरींचे मार्ग नकाशावर पक्के नोंदवा आणि बांधकाम परवानगी देताना तो नकाशा समोर ठेवा. दोन, उरलेले मॅनहोल साफ करून झाका, त्यांच्यावर पाटी लावा. तीन, ज्या डोंगरांत पाणी मुरतं तिथलं खोदकाम थांबवा. याला २७०० कोटी लागत नाहीत.

पोराला उत्तर दिलं: "बाळा, वसवणाऱ्याने आधी पाणी आणलं, मग शहर वसवलं. आपण शहर वाढवलं, पाण्याचं नंतर बघू म्हणालो."

तो गप्प बसला. मग म्हणाला, "ती नहर कुठंय? दाखवा ना."

रविवारी नेणार आहे. तुमच्या भागात नहरीचा मॅनहोल, बंब किंवा जुना हौद असेल तर कमेंटमध्ये सांगा. फोटो असेल तर टाका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही विचारा, त्यांनी त्या हौदाचं पाणी प्यायलं असेल.