वसईचा दुसरा वारसा : वालाचे बियाणे

१/ वसईचा इतिहास म्हटला की १५३४ चा तह आणि १७३९ ची चिमाजी अप्पांची मोहीम आठवते. किल्ल्यावर पुष्कळ लिहिले गेले. त्याहून जुना एक वारसा मात्र उपेक्षित राहिला: वालाचे बियाणे.

२/ दक्षिण भारतातील नवाश्मयुगीन स्थळांवर वालाचे जळके दाणे सापडले आहेत. फरसबी मूळची अमेरिकेची. ती सागरी व्यापारातून खूप नंतर आली. वाल पोर्तुगीजांच्या कितीतरी आधीचा.

३/ कोकणात भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. पुढे थंडीत शेंगा येतात आणि वसई-पालघरच्या वाडवळ घरांत उकडहंडी शिजते.

४/ हे बियाणे घरी टिकते, कारण वालात मुख्यतः स्वपरागीभवन होते. दाण्यातून बहुधा तेच वाण उगवते. निरोगी वेलावरच्या भरदार शेंगा वेलावरच वाळवायच्या, दाणे निवडायचे, भुंगा लागू नये म्हणून राखेत घोळून मडक्यात ठेवायचे. ही निवड बहुधा घरातल्या बायकांची. एखाद्या वर्षी पीक बुडाले, तर शेजारच्या वा माहेरच्या मडक्यातून मूठभर बी यायचे.

५/ पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवघेवीचा व विकण्याचाही हक्क देतो. फक्त संरक्षित वाणाचे बी ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. पण मडके रिकामे असेल तर हा हक्क कागदावरच राहतो.

६/ सह्याद्रीपलीकडे, अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथे राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्यासह अनेक गावठी वाणे जपली. शेतकऱ्याने बी न्यावे आणि पीक आल्यावर दुप्पट परत करावे, ही त्यांची रीत. शाळेची पायरी न चढलेल्या राहीबाईंना २०२० चा पद्मश्री जाहीर झाला.

७/ वसई-विरार २००९ मध्ये महानगरपालिका झाली. भातखाचरांवर इमारती चढत आहेत. खाचर गेले की त्यावरचा वालही जातो. बुरूज ढासळला तरी दगड उरतात. बियाणे मात्र काही वर्षे पेरले नाही, तर उगवणशक्तीच गमावते.

८/ म्हणून शीतपेटीतले जतन पुरेसे नाही. हा वारसा दरवर्षी मातीत उतरला पाहिजे. किल्ल्याच्या संवर्धनाचा आग्रह धरणाऱ्या इतिहासप्रेमींनी गावागावांतील बियाणे बँकेचाही तितकाच आग्रह धरावा. आणि घरातल्या आजीला विचारावे: वालाचे बी कुठून आले?