कर्सरची उडी आणि आपले प्रोजेक्ट

फायनल इयरला विषय निवडायची वेळ आली की आपल्याकडे तेच ते. लायब्ररी मॅनेजमेंट, अटेंडन्स सिस्टीम, फार तर चेहरा ओळखणारा कॅमेरा. मागच्या बॅचची फाईल हॉस्टेलच्या कपाटात असतेच! माझं म्हणणं वेगळं आहे. लोक खरोखर वापरतात असा एखादा जुना प्रोग्रॅम घ्या आणि त्यातला एकच बग मुळापासून शोधा. वर्ष पुरणार नाही.

उदाहरणार्थ ईमॅक्स हा एडिटर. २००१ मध्ये आलेल्या त्याच्या २१ व्या आवृत्तीपासून त्यात मजकुराच्या मध्ये चित्रं दिसू लागली. समजा, रिपोर्टमध्ये सर्किटची आकृती टाकली आहे. खालचा बाण दाबत जा. एक ओळ, दुसरी ओळ, तिसरी... आणि आकृती जवळ आली की पान धाडकन उडी मारतं. वाचत होतो ती ओळ गायब.

दोष ना बाणाचा, ना चित्राचा. एडिटरच्या हिशेबात चित्र म्हणजे एक भलंमोठं अक्षर, आणि ज्या ओळीत ते बसतं तिची उंची चित्राएवढी. साधी ओळ २० पिक्सेलची आणि चित्र ६०० चं, म्हणजे एका 'ओळीत' तीस ओळी मावल्या. सरकायचं माप मात्र ओळच! त्यात ईमॅक्सचा हट्ट असा की कर्सर कायम खिडकीतच हवा. वर्डमध्ये कर्सर मागे ठेवून तुम्ही दहा पानं पुढे जाऊन येऊ शकता, इथे नाही. मग चित्र खिडकीपेक्षाही उंच असेल तर कर्सरने उभं कुठे राहायचं? चित्रावरच. दुसरी जागाच नाही.

अजून एक गोम आहे. फाईलमध्ये चित्राच्या जागी वीस-पंचवीस अक्षरांचं फाईलचं नाव असतं, पडद्यावर चित्र एकच, आणि कर्सर ते एका पावलात ओलांडतो. मराठी टाईप करणाऱ्याला यात नवल नाही म्हणा. आपला 'क्ष' संगणकात क, हलन्त आणि ष असा तिघांचा असतो. बाण त्याला एकदम ओलांडतो, पण बॅकस्पेस बऱ्याच ठिकाणी तुकड्यातुकड्याने खोडतो.

यावर नेहमीचा इलाज म्हणजे नेटवरून 'स्क्रोल-कन्झर्व्हेटिव्हली १०१' ही सेटिंग उचलून चिकटवणे. त्याने उडी लहान होते, जात नाही. पण का लहान झाली ते विचारा, रूममध्ये शांतता! खरं तर सेटिंग नसलेला कोरा ईमॅक्स उघडावा ('-क्यू' देऊन), ६०० पिक्सेलचं एकच चित्र ठेवावं आणि प्रत्येक बाणानंतर तीन आकडे वहीत लिहावेत : कर्सर कितव्या अक्षरावर, खिडकी कितव्या अक्षरापासून सुरू, आणि वरची ओळ किती पिक्सेल वर सरकली आहे. उडीच्या क्षणी यातला कोणता बदलला ते दिसलं की अर्धं काम झालं. अंदाजाने सेटिंग फिरवणं म्हणजे मल्टिमीटर न लावता रेझिस्टर बदलत बसणं.

आणि हा बग किरकोळ समजू नका. पिक्सेलने सरकायची पहिली सोय २०१८ मध्ये २६ व्या आवृत्तीत आली, अधिक नेमकी २०२३ मध्ये २९ व्या आवृत्तीत. चित्रं दिसू लागल्यापासून बावीस वर्षं! हे काम करणारे लोक हुशार होते. पण 'एक ओळ खाली' याचा अर्थ बदलायचा तर सगळीकडे हात घालावा लागतो.

सर, असा विषय घेऊन कुणी आलं तर 'यात नवीन काय बनवलं?' असं विचारून परत पाठवू नका, ही विनंती. व्हायवाला त्याची वही उघडा, मधलंच एक पान काढा आणि विचारा, या बाणाला खिडकीची सुरुवात का बदलली?