काळ्या आईचे दुखणे

जमीन काळी म्हणजे सोन्यासारखी, अशी आम्हां शहरी मंडळींची समजूत! तापीला मिळणाऱ्या पूर्णेच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत, अशीच काळीभोर जमीन दूरवर पसरली आहे. पण लोक त्या टापूला खारपाणपट्टा म्हणतात. विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. जमिनीवर मात्र मिठाचा पांढरा थर सहसा दिसत नाही. दुखणे आत आहे, सोडियमचे.

गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की मातीचे कण एकमेकांना बिलगून तळाशी बसतात, हे गृहिणींना मी काय सांगावे? सोडियमचे वागणे नेमके उलट. तो कणांची फाटाफूट करतो. सुटलेले बारीक कण मातीतली छिद्रे बुजवतात. मग पावसाचे पाणी वर तुंबते आणि खाली मुळे तहानलेलीच राहतात. अशी जमीन ओली असता चिकट, वाळली की दगड. शेतकरी तिला चोपण म्हणतात.

कणांना चिकटलेल्या कॅल्शियम, सोडियम वगैरे द्रव्यांपैकी शेकडा १५हून अधिक सोडियम असेल तर ती जमीन चोपण, असे माप अमेरिकेच्या सरकारी प्रयोगशाळेने १९५४ साली घालून दिले. पुस्तकांतून तेच चालत आले. पण पूर्णेच्या भारी मातीत शेकडा ५च्या पुढेच निचरा बिघडतो, असे आमच्या नागपुरातील राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांना आढळले. म्हणजे पुस्तकाने धडधाकट ठरवलेली जमीन प्रत्यक्षात आजारी! मला हा शोध फार मोलाचा वाटतो.

बरे, याच मातीत चुनखडीचे खडे भरपूर. चुन्यात कॅल्शियम असतो आणि तो तर तुरटीसारखाच कणांना जोडणारा. मग अडते कुठे? कोरड्या हवेत तो खड्यांत गोठून बसतो, पाण्यात फारसा उतरत नाही, आणि सोडियमला रान मोकळे मिळते. म्हणून जिप्सम घालायचे. मोडलेल्या हाडाला घालतात ते प्लास्टर याच दगडाचे. त्यातला कॅल्शियम विरघळून सोडियमची जागा घेतो. जोडीला धैंचा पेरून फुलावर येताच गाडतात. जिप्सम किती, ते माती तपासूनच ठरते.

सुटलेला सोडियम पावसाबरोबर वाहून जायला वाट हवी. चर नसतील तर जिप्समचा खर्च पाण्यात. शिवाय विहिरीचे खारे पाणी पिकाला पाजले की सोडियम पुन्हा दारात हजर! म्हणून तिथले काही शेतकरी शेततळ्यात पावसाचे पाणी साठवतात आणि दिवाळीच्या सुमारास पेरलेल्या हरभऱ्याला त्यातलेच एखादे पाणी देतात.