बळकटी मोजली, चिवटपणाचे काय?

‘मोडेन पण वाकणार नाही’ हा बाणा माणसाला शोभत असेल. पोलादाला तो शोभत नाही. पुलाच्या तुळईने किंवा इमारतीतील सळईने संकटकाळी आधी वाकावे, ताणले जावे आणि माणसांना बाहेर पडण्यापुरती तरी सवड द्यावी, हीच तिच्याकडून अपेक्षा असते. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी मोरबीचा झुलता पूल तुटून १३५ जणांचे प्राण गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळा येथे इंद्रायणीवरील लोखंडी पूल कोसळला. गंज, गर्दी, देखभालीतील हयगय अशी अशा दुर्घटनांची कारणे वेगवेगळी असतात. परंतु त्यानंतर होणारी सारी चर्चा ‘मजबुती’ या एकाच शब्दाभोवती घुटमळत राहते. हा शब्द अपुरा आहे, हे लक्षात घेण्याची वेळ आली आहे.

बळकटी आणि चिवटपणा हे दोन भिन्न गुण आहेत. किती भार पडेपर्यंत धातू आपला आकार सोडत नाही, हे बळकटीवरून कळते. तडा गेल्यावर तो पसरू न देण्याची शक्ती म्हणजे चिवटपणा. काचेवर हिऱ्याने एक रेघ ओढली की ती हलक्या दाबानेही दुभंगते. तिच्यात बळ नसते असे नव्हे, तिच्यात चिवटपणा नसतो. तड्याच्या टोकाशी ताण एकवटतो. धातू तेथे किंचित सरकू शकला तर ते टोक बोथट होते आणि तडा थांबतो. पोलाद कठीण करण्याचे बहुतेक उपाय, मग ते कार्बन वाढवण्याचे असोत की तापवून एकदम थंड करण्याचे, नेमके हे सरकणेच अडवतात. म्हणूनच एक गुण वाढवावा तर दुसरा घटतो.

या अज्ञानाची किंमत जगाने मोजलेली आहे. १६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेत पोर्टलंडच्या धक्क्याला बांधलेले ‘स्केनेक्टडी’ हे नवेकोरे तेलवाहू जहाज शांत पाण्यात उभ्या उभ्या दुभंगले. थंडीत ते पोलाद ठिसूळ होत होते आणि सांधे जोडकामाने अखंड केल्यामुळे तड्याला वाटेत कोठे अडसरच उरला नव्हता. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी त्या काळातील अशा जहाजांचा अभ्यास करून दोषाचे मूळ पोलादाच्या या ठिसूळपणात असल्याचे दाखवून दिले. पुढे १५ डिसेंबर १९६७ रोजी ओहायो नदीवरील सिल्व्हर ब्रिज कोसळून ४६ माणसे दगावली. त्याच्या साखळीतील पट्ट्या मुद्दाम अधिक बळकट केलेल्या पोलादाच्या होत्या. सुमारे अडीच मिलिमीटर खोलीच्या एका तड्याने त्यांतील एक तुटली आणि पाठोपाठ सारा पूल नदीत गेला. त्याच आठवड्यात, ११ डिसेंबरला, आपल्याकडे कोयनेचा भूकंप झाला होता. १९९३ साली किल्लारीने तीच आठवण पुन्हा करून दिली. भूकंपात इमारत टिकते ती सळया ताणल्या जाऊन धक्क्याची ऊर्जा पचवतात म्हणून.

आपल्या मानकांना हे ठाऊक नाही असे नाही. सळयांच्या भारतीय मानकात ‘एफई ५००’ सळई तुटण्यापूर्वी किमान १२ टक्के ताणली जावी असे बंधन आहे. तीच ‘डी’ अक्षराची असेल तर १६ टक्के. बळाचा आकडा दोहोंचा एकच. फरक आहे तो ताणले जाण्याच्या गुणाचा, आणि तन्यता ही चिवटपणाची सख्खी बहीण. ‘डी’ प्रतीत गंधक आणि स्फुरद यांची कमाल मर्यादाही प्रत्येकी ०.०५५ टक्क्यांवरून ०.०४० टक्क्यांवर आणलेली आहे. बांधकामाच्या पोलादाच्या मानकात तर ‘ए’ प्रतीला आघात चाचणीची गरजच नाही, ‘बीआर’ला ती ऐच्छिक आहे आणि ‘बीओ’ व ‘सी’ या प्रतींनाच ती सक्तीची आहे. म्हणजे चिवटपणा मागितला तरच मिळतो. घर बांधणारा सामान्य माणूस मात्र जाहिरातीतील मोठा आकडा पाहतो. त्यापुढील अक्षर त्याला कोणी समजावून सांगत नाही.

अधिक बळाच्या सळया वापरल्याने पोलाद कमी लागते, खर्च वाचतो, भट्ट्यांचा धूरही घटतो, असा युक्तिवाद केला जातो. तो खोटा नाही. परंतु दोन्ही गुण एकत्र नांदू शकतात, हेही तितकेच खरे आहे. पोलादाचे कण बारीक केले तर बळ आणि चिवटपणा दोन्ही वाढतात. नायोबियम, व्हॅनेडियम यांचा अल्पांश आणि नियंत्रित लाटण यांनी हे साधते. हैदराबादची मिश्र धातु निगम ही सरकारी कंपनी अग्निबाणांच्या कवचासाठी जे मॅरेजिंग पोलाद तयार करते, त्यात सुमारे १८ टक्के निकेल असते आणि काठिण्य येते ते कार्बनमुळे नव्हे, तर धातूत निर्माण होणाऱ्या सूक्ष्म कणांमुळे. असे महागडे पोलाद पुलाला परवडणार नाही. पण ज्ञान देशात आहे, एवढे त्यावरून सिद्ध होते.

अडचण आहे ती खालच्या पायरीवर. भंगार वितळवणाऱ्या साध्या इंडक्शन भट्टीत स्फुरद फारसा निघत नाही. त्यासाठी शुद्धीकरणाची वेगळी सोय लागते. जालन्यासारख्या केंद्रांनी सळयांच्या धंद्यात नाव कमावले आहे आणि त्या उद्योगावर सरसकट ठपका ठेवण्याचे कारण नाही. उलट अशी सोय उभारणाऱ्या लहान कारखान्यांना सरकारने स्वस्त कर्ज द्यावे आणि त्या बदल्यात ‘डी’ प्रतीचा आग्रह धरावा, हे अधिक शहाणपणाचे ठरेल.

सर्वांत मोठा ग्राहक सरकारच आहे. सार्वजनिक बांधकाम खात्याने पुलांच्या निविदांत आघात चाचणी झालेल्या पोलादाची अट घालावी, शाळा आणि रुग्णालये यांच्यासाठी ‘डी’ प्रत सक्तीची करावी आणि नमुन्यांची तपासणी ठेकेदाराच्या पसंतीच्या नव्हे, तर स्वतंत्र प्रयोगशाळेत करून तिचे निष्कर्ष जनतेपुढे ठेवावेत. सिल्व्हर ब्रिजनंतर अमेरिकेने १९६८ साली कायदा करून देशभरच्या पुलांची तपासणी सुरू केली. आपण त्यासाठी आणखी एका दुर्घटनेची वाट पाहण्याचे काहीच कारण नाही.