शोधगंगेच्या काठी मराठी तहानलेली

एखादा संशोधक चार-सहा वर्षे खपून प्रबंध सिद्ध करतो, मौखिकी होते, पेढे वाटले जातात आणि कापडी बांधणीचा तो ग्रंथ विद्यापीठाच्या कपाटात विसावतो. पुष्कळ प्रबंधांचे आयुष्य इथेच संपत असे. ज्या समाजाच्या पैशातून हे संशोधन झाले, त्याला ते वाचण्याची सोयच नव्हती. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या विनियमांद्वारे प्रबंधाची संगणकीय प्रत देणे बंधनकारक केले. २०१६ व २०२२ च्या विनियमांनुसार तर पदवी जाहीर होण्यापूर्वीच ही प्रत गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राकडे सोपवावी लागते. तेथील भांडाराचे नाव ‘शोधगंगा’, तर चालू संशोधनाच्या रूपरेषांचे ‘शोधगंगोत्री’. परकी आद्याक्षरे जुळवून नावे ठेवण्याच्या काळात एवढे सार्थ नाव एका सरकारी उपक्रमाला मिळावे, हे सुखद आश्चर्यच. आज शोधगंगेत पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत आणि ते कोणालाही विनामूल्य वाचता येतात.

हा प्रवाह खाली आणणारे भगीरथ मात्र कोणाच्या खिजगणतीत नाहीत. प्रत्येक विद्यापीठात एक समन्वयक असतो, बहुधा ग्रंथपाल किंवा त्याचा सहायक. प्रबंधाची प्रकरणवार विभागणी करणे, शीर्षक, संशोधक, मार्गदर्शक, विभाग व विषयसूचक शब्द यांची नोंद करणे, साहित्यचौर्याच्या तपासणीचे अहवाल काढणे हे सारे त्याने आपले नित्याचे काम सांभाळून करायचे. रिक्त पदांचे दुखणे जुनेच. नोंद चुकली तर प्रबंध भांडारात असूनही नसल्यासारखाच होतो. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव रोमन लिपीत कोणी ‘डी’ने, कोणी ‘जे’ने, तर कोणी ‘जी’ने आरंभितो. एकाच मार्गदर्शकाचे प्रबंध मग तीन ठिकाणी विखुरतात.

मराठी प्रबंधांची अडचण याहून खोल आहे. मराठी संगणकावर आली ती निरनिराळ्या कंपन्यांच्या टंकांचा हात धरून. पडद्यावर अक्षर देवनागरी दिसे, संगणकाच्या पोटात मात्र ते भलतेच रोमन चिन्ह असे. युनिकोड येऊन इतकी वर्षे लोटली, तरी विद्यापीठांच्या दारातील टंकलेखन केंद्रांतून ते जुने टंक पुरते हद्दपार झालेले नाहीत. अशा धारिकेत ‘वारकरी’ शब्द शोधला तर एकही वारकरी सापडत नाही. त्याहून जुने प्रबंध म्हणजे पानांची केवळ छायाचित्रे. गोंडी लोकगीते, कोकणातील देवस्थानांच्या सनदा, भटक्या-विमुक्तांच्या जातपंचायती असे विषय इंग्रजीत फारसे कोणी हाताळत नाही. त्यांवर मराठीतून झालेले काम शोधयंत्राला दिसले नाही, तर या समाजाविषयी जगाने काय वाचावे हे परकी विद्यापीठेच ठरवणार.

महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जपले. त्यामागे हेतू होता, श्रद्धा होती. तरीही विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे प्रभृतींनी त्या लिपीची उकल करीपर्यंत आद्य मराठी गद्याचे हे धन पंथाबाहेरच्या वाचकांना अज्ञातच राहिले. आजची सकळ लिपी निव्वळ अनास्थेतून जन्मली आहे. तिची उकल करण्यासाठी पुढे कोणी राजवाडे वणवण करील, अशी आशा कशाच्या बळावर धरायची?

दुसरी बाजूही कमी गंभीर नाही. २०१८ च्या विनियमांनी उचलेगिरीचे प्रमाण ठरवले. १० टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य, ६० टक्क्यांवर गेल्यास नोंदणी रद्द. पण जी अक्षरे यंत्राला वाचताच येत नाहीत, त्यांतली चोरी ते पकडणार कसे? इंग्रजीत लिहिणाऱ्याची कसून झडती आणि मराठीत उतरवून काढणाऱ्याला मोकळे रान, असा हा उलटा न्याय आहे. यात प्रामाणिक मराठी संशोधकाचीच अप्रतिष्ठा होते.

उपाय परदेशांतून आणण्याची गरज नाही. म्हैसूर विद्यापीठाच्या ‘विद्यानिधी’ प्रकल्पाने या शतकाच्या आरंभीच कन्नड व हिंदी प्रबंधांच्या नोंदी त्या त्या लिपीत, युनिकोडमध्ये करून दाखवल्या. मात्र परदेशांकडून एक गोष्ट जरूर घ्यावी. संगणकीय प्रबंध १९९७ मध्ये सक्तीचा करणाऱ्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या पुढाकारातून जी जागतिक संघटना उभी राहिली, ती हे काम करणाऱ्यांना दरवर्षी एकत्र आणते. अमेरिकेत तर या कर्मचाऱ्यांची वेगळी संघटनाही आहे. त्या जागतिक संघटनेचे संमेलन २०१५ मध्ये दिल्लीत आणि २०२३ मध्ये गांधीनगरला भरले. महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या समन्वयकांनी मात्र मराठी नोंदींच्या प्रश्नावर नियमितपणे एकत्र बसण्याची प्रथा अजून रुजलेली नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात दर्जा दिला. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभे राहत आहे. ज्या भूमीत लीळाचरित्र सिद्ध झाले, तेथूनच या कामाची सुरुवात व्हावी. युनिकोडव्यतिरिक्त अन्य टंकातील मराठी प्रबंध कोणत्याही विद्यापीठाने स्वीकारू नये, देवनागरीतील नावांची एक प्रमाण सूची सर्वांनी मिळून करावी, आणि जुन्या धारिकांच्या रूपांतरासाठी अभिजात भाषेच्या निधीतून वेगळी तरतूद मागावी. राज्याच्या उच्च शिक्षण विभागाने त्यासाठी समन्वयकांची पहिली बैठक येत्या शैक्षणिक वर्षापूर्वी बोलवावी.